कलावंताचा रंग आणि शास्त्रज्ञाचे माप

हवामानबदल हा शब्द आज ग्रामसभेच्या इतिवृत्तापासून विधिमंडळाच्या कामकाजापर्यंत सर्वत्र आढळतो. महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण विभागाच्या नावातच २०२० मध्ये ‘वातावरणीय बदल’ या शब्दांची भर पडली. शब्द रूढ झाला, परंतु त्यामागील आकडा मात्र अद्याप सामान्य माणसाच्या मनात रुजलेला नाही. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला एक विस्तृत अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात नमूद आहे. हा आकडा एखाद्या सभेत वाचून दाखवावा, तर श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारणारच, की पहाट आणि दुपार यांच्या तापमानात पंधरा अंशांचे अंतर आम्ही रोज सोसतो, मग पाऊण अंशाने असे काय बिघडते?

प्रश्न गैरवाजवी नाही. त्याचे उत्तर सरासरी या कल्पनेत आहे. एका विद्यार्थ्याचे गुण एका वर्षात दहाने वाढणे ही नित्याची गोष्ट होय; परंतु सबंध जिल्ह्याची सरासरी दोन गुणांनी वाढली, तर शिक्षणाधिकारी त्यामागील कारण विचारल्यावाचून राहणार नाहीत. सबंध देशाचे, बाराही महिन्यांचे सरासरी तापमान हे असेच जड असते. ते सहजासहजी हलत नाही, आणि हलले तर त्यामागे मोठे कारण असते. मात्र हे सारे शब्दांनी समजावून देताना वक्ता थकतो आणि श्रोता कंटाळतो. याच ठिकाणी गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञ आणि कलावंत यांच्या सहकार्याचे काही लक्षणीय प्रयोग झाले आहेत. त्यांतील एक लोकरीच्या पांघरुणातून निघाला, तर दुसरा बर्फाच्या शिळांतून.

पांघरुणातून निघालेले चित्र

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात एली हायवुड या हवामानशास्त्राच्या अध्यापिका होत्या. क्रोशाचे विणकाम हा त्यांचा छंद. २०१७ मध्ये त्यांनी एक पांघरूण विणले. त्याची योजना साधी होती. १९१६ पासून २०१६ पर्यंतच्या प्रत्येक वर्षासाठी एक पट्टा घ्यावयाचा आणि त्या वर्षीचे पृथ्वीचे सरासरी तापमान जसे असेल, त्याप्रमाणे लोकरीचा रंग निवडावयाचा. विणणाऱ्याच्या आवडीनिवडीला तेथे वाव नव्हता. कोणत्या तापमानाला कोणता रंग हे आधी ठरलेले होते. पुढे हात चालत राहिले आणि आकडे रंग सांगत गेले.

त्याच विद्यापीठातील शास्त्रज्ञ एड हॉकिन्स हेही अशाच खटपटीत होते. तापमानवाढ दाखविणारी त्यांची फिरती सर्पिल आकृती २०१६ मध्ये रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्यात लाखो प्रेक्षकांपुढे आली होती. पांघरुणाची कल्पना त्यांनी पुढे नेली आणि मे २०१८ मध्ये एक चित्र प्रसिद्ध केले. शेजारीशेजारी उभ्या केलेल्या अरुंद पट्ट्या, प्रत्येक पट्टी एका वर्षाची. डावीकडे जुनी वर्षे, उजवीकडे अलीकडची. ठरविलेल्या सरासरीपेक्षा थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल. फरक जितका अधिक, तितकी छटा गडद. चित्रावर एकही आकडा नाही, अक्षरही नाही. डाव्या बाजूचा निळा रंग मधल्या भागात फिकट होत जातो आणि उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत सारे चित्र तांबडेलाल होऊन जाते. हे चित्र ज्याला वाचता येत नाही त्यालाही उमगते, आणि ज्याला आलेखांचा तिटकारा आहे त्यालाही.

जून २०१९ मध्ये निरनिराळ्या देशांच्या व प्रदेशांच्या अशा पट्ट्या सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक वेळा त्या उतरवून घेतल्या गेल्या. त्या गळपट्ट्यांवर आल्या, नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर आल्या, २०२२-२३ च्या हंगामात रेडिंगच्या फुटबॉल संघाच्या सदऱ्यांच्या बाह्यांवरही आल्या. एखादा शास्त्रीय आलेख खेळाडूंच्या अंगावर मिरविला जाण्याचा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल.

हे यश पाहून कोणी म्हणेल, की आकडे काढून टाकले म्हणून चित्र लोकप्रिय झाले. वस्तुतः आकडे काढून टाकलेले नाहीत. ते रंगांत मुरविलेले आहेत. प्रत्येक पट्टीमागे हजारो केंद्रांवरील व जहाजांवरील तापमापकांच्या नोंदी आहेत. कोणी संशय घेतला तर पट्टी उलगडून मूळ आकड्यापर्यंत जाता येते. रंगांची निवडही लहरीने केलेली नाही. नकाशांसाठी कोणत्या छटा डोळ्यांना स्पष्ट व समान टप्प्यांनी वेगळ्या दिसतात, याचा अभ्यास अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी केला होता. त्या रंगसंचातील निळ्या व लाल छटा येथे घेतल्या आहेत. लाल आणि हिरवा असे जोडरंग घेतले असते, तर रंगांधत्व असलेल्या अनेकांना चित्राचा अर्थच लागला नसता. लाल-निळ्या जोडीत ही अडचण बहुतांशी टळते.

तरीही या चित्रात एक खोच आहे आणि शिक्षकांनी ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रत्येक प्रदेशाच्या पट्ट्यांची रंगमर्यादा त्या प्रदेशातील तापमानाच्या चढउतारावरून ठरविली जाते. काही देशांत वर्षावर्षांमधला फरक मोठा असतो, काहींत लहान. म्हणून एका देशाचा गडद लाल आणि दुसऱ्या देशाचा गडद लाल हे सारख्याच अंशांचे नव्हेत. दोन देशांची चित्रे शेजारी ठेवून ‘येथे अधिक तापले, तेथे कमी’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅनाकोर्टस या गावी २०१७ मध्ये विणकरांनी सुरू केलेल्या एका उपक्रमात याउलट पद्धत आहे. तेथे एका गावाचे एक वर्ष विणले जाते, दररोजच्या कमाल तापमानाची एक ओळ, आणि लोकरीच्या प्रत्येक रंगाला अंशांचा ठरावीक टप्पा नेमून दिलेला. सर्वांचा रंगतक्ता एकच असल्यामुळे कोणतेही दोन पट थेट ताडून पाहता येतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्यच. परंतु आपण कोणती वापरली हे सांगितले पाहिजे.

चित्रकारांचे जुने ऋण

शास्त्रज्ञाने मोजावे आणि कलावंताने रंगवावे, अशी ही एकेरी वाहतूक नाही. चित्रकारांकडून शास्त्रज्ञांनी घेतल्याचीही उदाहरणे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये सॅम्युअल बिरमान या चित्रकाराने १८२० च्या दशकात आल्प्स पर्वतातील ग्रिंडेलवाल्ड येथील हिमनदीची चित्रे काढली. छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वीचा तो काळ. हिमनदीचे टोक कोणत्या खडकापाशी होते, बाजूचा कडा कितपत झाकलेला होता, हे त्याने इतक्या निष्ठेने टिपले होते, की पुढे दीडशे वर्षांनी हाइन्झ त्सुम्ब्युल यांच्यासारख्या संशोधकांना त्या चित्रांवरून हिमनदीची त्या काळची लांबी निश्चित करता आली. ग्रीक शास्त्रज्ञ क्रिस्टोस झेरेफोस व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये असाच एक अभ्यास प्रसिद्ध केला. इ.स. १५०० ते १९०० या चार शतकांतील शेकडो सूर्यास्तचित्रांमधील लाल आणि हिरव्या रंगांचे प्रमाण त्यांनी मोजले. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांनंतरच्या काही वर्षांत रंगविलेल्या आकाशात लाली अधिक असल्याचे त्यांना आढळले. वातावरणात उंच पसरलेल्या सूक्ष्म कणांची ती नोंद चित्रकारांनी नकळत करून ठेवली होती.

या चित्रकारांना हवामानशास्त्राची सेवा करावयाची नव्हती. त्यांनी जे दिसले ते प्रामाणिकपणे उतरविले, म्हणूनच ते पुढे उपयोगी पडले. एखाद्याने दृश्य अधिक भव्य दिसावे म्हणून हिमनदी दोन फर्लांग पुढे ओढली असती, तर चित्र कदाचित अधिक किमतीला विकले गेले असते, परंतु पुरावा म्हणून ते निरुपयोगी ठरले असते.

पॅरिसच्या चौकातील बर्फ

दुसरा प्रयोग अधिक गाजलेला आणि अधिक वादग्रस्त. डेन्मार्क-आइसलँडचे कलावंत ओलाफुर एलियासन आणि ग्रीनलंडमध्ये जन्मलेले भूशास्त्रज्ञ मिनिक रोझिंग या दोघांनी तो मिळून केला. रोझिंग यांचे नाव शास्त्रजगतात वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. ग्रीनलंडमधील सुमारे ३७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवसृष्टीच्या खुणा असल्याचे संशोधन त्यांनी १९९९ मध्ये मांडले होते.

या दोघांनी ग्रीनलंडची राजधानी नूक येथील फियॉर्डमधून, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतून, तरंगते हिमखंड उचलून युरोपातील शहरांत आणले. प्रथम २०१४ मध्ये कोपनहेगन येथे, मग डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे आणि नंतर २०१८ मध्ये लंडन येथे. पॅरिसमध्ये त्या वेळी जागतिक हवामान परिषद भरलेली होती. पँथेऑन या इमारतीसमोरच्या चौकात बारा हिमखंड घड्याळाच्या तबकडीवरील बारा अंकांप्रमाणे वर्तुळात मांडले होते. सर्वांचे मिळून वजन सुमारे ८० टन. हे खंड मूळ हिमस्तरापासून आधीच सुटून समुद्रात पडलेले होते. कलाकृतीसाठी हिमनदी फोडण्यात आली नव्हती.

लोक आले, त्यांनी बर्फाला हात लावला, मुलांनी जिभेने चाखून पाहिले, कोणी कान लावून ऐकले. कान लावण्यासारखे तेथे होतेही. हजारो वर्षांपूर्वी पडलेला हिम थरावर थर साचून दाबला गेला, तेव्हा त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपाने त्यात अडकली. बर्फ वितळताना हे बुडबुडे फुटतात आणि बारीक तडतड ऐकू येते. हिमस्तरांत खोल छिद्रे घेऊन काढलेल्या नमुन्यांतील अशाच हवेवरून शास्त्रज्ञांनी प्राचीन वातावरणाची घटना निश्चित केली आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते प्रमाण ४२० च्या पुढे गेले आहे. पॅरिसच्या नागरिकाच्या तळहाताखाली जे वितळत होते, ते प्रयोगशाळेतील नमुन्याच्याच जातीचे होते. एखाद्या चित्रकाराने रंगविलेल्या हिमनगाला हे बळ आले नसते.

टीकाही झाली, आणि ती रास्त होती. बर्फ वितळतो आहे हे सांगण्यासाठी ८० टन बर्फ शीतपेट्यांतून हजारो किलोमीटर वाहून आणावा, हा विरोधाभास कोणाच्याही नजरेत भरण्याजोगा. येथे या मंडळींनी जे केले ते अनुकरणीय आहे. पॅरिसच्या प्रयोगाचा कार्बन-हिशेब एका स्वतंत्र संस्थेकडून तयार करवून घेण्यात आला आणि तो जाहीर करण्यात आला. ३० टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले, आणि त्यातील फार मोठा वाटा वाहतुकीचा होता. पॅरिसहून सुमारे तीस माणसे विमानाने ग्रीनलंडला जाऊन परत आली तर जेवढे उत्सर्जन होईल, तेवढे हे. खर्च योग्य होता की नाही याविषयी मतभेद राहील. परंतु अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च लोकांपुढे ठेवल्यावर मतभेदाला निदान पाया तरी मिळतो. वृक्षदिंडी निघून गेल्यावर रस्त्यावर प्लॅस्टिकचे पेले किती उरले, याचा हिशेब आपल्याकडे क्वचितच मांडला जातो.

परिणामाची मोजदाद

अशा कलाकृतींनी माणसाचे मन खरोखर बदलते काय? पॅरिस परिषदेच्या निमित्ताने शहरभर भरलेल्या कलामहोत्सवात नॉर्वेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी, लॉरा किम सोमर आणि ख्रिश्चन क्लॉकनर यांनी, याची तपासणी केली. ३७ कलाकृतींविषयी ८७४ प्रेक्षकांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आल्या आणि उत्तरांवरून कलाकृतींचे चार गट पडले. सुखद स्वप्नचित्रे रंगविणारा एक, भयंकर भविष्य दाखविणारा दुसरा, पुराणकथांच्या वळणाने जाणारा तिसरा, आणि चौथा गट अडचण दाखवून त्यावरील उपाय भव्य व सुंदर रीतीने पुढे मांडणारा. प्रेक्षकांच्या भावना आणि विचार या दोहोंना सर्वाधिक चालना दिली ती या चौथ्या गटाने. मात्र ३७ पैकी केवळ तीन कलाकृती त्या गटात बसल्या.

हा अभ्यास पाहणीच्या वेळच्या प्रतिक्रियांचा आहे. घरी गेल्यावर त्या माणसांनी काय केले, हे त्यात येत नाही. तरीदेखील भेगाळलेली जमीन, सुकलेले झाड आणि रडणारी पृथ्वी एवढ्यावरच भागविणाऱ्या आपल्या भित्तिचित्रकारांनी त्याची दखल घेण्यास हरकत नाही.

गावाच्या भिंतीवर पाऊस

महाराष्ट्रात ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर ते आधारलेले आहे. शाळांच्या व ग्रामपंचायतींच्या भिंती रंगविण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहेच. त्या भिंतीवर पट्ट्यांचे चित्र काढावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न येतो तो तापमानाचे की पावसाचे? आपल्या शेतकऱ्याचे वर्ष पावसावर मोजले जाते. १९७२ चा दुष्काळ किंवा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे यांची आठवण अजून ताजी आहे. अमुक वर्षी सरासरी तापमान किती होते हे कोणी सांगणार नाही. तेव्हा पावसाच्या पट्ट्या अधिक बोलक्या ठरतील.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. तापमानाच्या चित्रात निळ्याकडून लालकडे जाणारा जो स्पष्ट ओघ दिसतो, तो बहुतेक गावांच्या पावसाच्या चित्रात दिसणार नाही. ओले वर्ष, कोरडे वर्ष, दोन बरी वर्षे, पुन्हा कोरडे, असे ते चित्र विस्कळित येईल. चित्रकाराला वाटेल, की उजव्या बाजूला थोडे अधिक तपकिरी भरावे म्हणजे संदेश ठसेल. तो मोह आवरण्याचे काम शिक्षकाचे. पूर्वोक्त अहवालानुसार देशाचा मान्सून पाऊस १९५१ ते २०१५ या काळात सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवली. त्याच वेळी मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. हे मोठ्या प्रदेशाचे चित्र आहे. एका गावाच्या भिंतीवर ते हुबेहूब उतरेलच असे नाही, आणि उतरले नाही म्हणून ते खोटेही ठरत नाही.

कृती अवघड नाही. तहसील कार्यालयाकडून जवळच्या पर्जन्यमापकाच्या निदान तीस वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात. महसूल मंडळांच्या पातळीवर महावेध प्रकल्पात उभारलेल्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी अलीकडच्या वर्षांसाठी उपयोगी पडतील. जुन्या वर्षांसाठी तालुक्याच्या नोंदीच घ्याव्या लागतील, आणि जेथे केंद्र बदलले तेथे भिंतीवर खूण करावी. केंद्र कोणते याला महत्त्व आहे. २६ जुलै २००५ रोजीच्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा येथे सुमारे ७४ मिलिमीटर.

तीस वर्षांची सरासरी काढल्यावर प्रत्येक वर्षाचा फरक टक्क्यांत मांडावा. रंगांचे टप्पे स्वतःच्या मनाने ठरविण्याऐवजी भारतीय हवामान विभागाची वर्गवारी घ्यावी: सरासरीच्या १९ टक्के खाली-वरपर्यंत सर्वसाधारण, २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तुटीचे, ६० टक्के वा त्याहून कमी म्हणजे मोठ्या तुटीचे, आणि याच टप्प्यांनी अधिकाचे दोन वर्ग. समजा, गावाची सरासरी ६०० मिलिमीटर आहे. ४५० मिलिमीटरचे वर्ष २५ टक्के कमी, म्हणून तुटीचे. ६६० चे वर्ष सर्वसाधारण. ७८० चे ३० टक्के अधिक. सातवीच्या मुलांना हे गणित सहज जमते, आणि शेकडेवारीचा हा धडा त्यांच्या लक्षातही राहतो.

वर्षाची एकूण बेरीज पावसातील खंड लपविते. ६०० मिलिमीटर चाळीस दिवसांत पडले काय किंवा पंधरा दिवसांत पडले काय, पट्टीचा रंग एकच येतो; पेरणी करणाऱ्याला मात्र त्यातला फरक विचारावा लागत नाही. म्हणून खाली दुसरी रांग घ्यावी, पावसाच्या दिवसांच्या संख्येची. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस तो पावसाचा दिवस, अशी व्याख्या आहे.

ज्या गावांत गोधडी शिवणाऱ्या जुन्या बाया आहेत, तेथे भिंतीबरोबर एक गोधडीही करून पाहावी. वर्षाला एक ठिगळ, रंग नोंदवहीने सांगितलेला. हायवुड बाईंच्या पांघरुणाला हे घरचेच नाते आहे. शिवताना कोणत्या वर्षी विहीर आटली, कोणत्या वर्षी जनावरे छावणीला नेली, या आठवणी निघतील. त्या वर्षासमोर लिहून ठेवाव्यात, मात्र त्यांच्यावरून ठिगळाचा रंग बदलू नये. आठवण एक सांगते आणि पर्जन्यमापक दुसरे, असे झाले तर दोन्ही नोंदी राहू द्याव्यात. वर्गात त्या विसंगतीवरच चांगली चर्चा होऊ शकेल.

चित्राशेजारी रंगांचा तक्ता, केंद्राचे नाव आणि सरासरी कोणत्या वर्षांची धरली हे लिहावे. तापमानाच्या चित्रात निळा म्हणजे थंड आणि पावसाच्या चित्रात निळा म्हणजे ओला, हा भेद मुलांना तक्त्यावाचून कळत नाही. पट्टी दरवर्षी एक या प्रमाणे वाढणार असल्याने रंगांच्या छटांचे नमुने शाळेच्या नोंदवहीत चिकटवून ठेवावेत. नाहीतर पुढच्या वर्षी दुकानातून येणारा निळा निराळाच निघतो.